तिसरं बिल

पोट्टी बाळंतपणाला आली दिवाळीनंतर,
तिच्या मागोमाग कुरिअरनं हीटर:
जावयानं पुण्याहून धाडलेला, हमीपत्रासकट.
"रात्रभर चालू ठेवा, आई. पिल्लू लहान आहे."
ठेवला.
आमच्या चिचटोल्यात तेव्हा पहाटे
पाण्यात हात घातला की बोटं दुखायची,
बोडीवरचं धुकं सरळ सांदवाडीत शिरायचं.
हीटर घूं घूं करत राहिला,
नातू मुठी उघडून झोपला,
मी म्हटलं, जावई भल्ला चांगला मिळाला.

पहिलं बिल सहा हजार नऊशे चाळीस.
ह्यांनी चष्मा पुसून परत वाचलं,
मग पालथं करून, मग उन्हात धरून,
नोट खोटी आहे का बघावं तसं.
जन्मभर हातपंप दुरुस्त केलेला माणूस,
पाइपाला कान लावून गळती सांगणारा.
त्या रात्री घोंगडं घेऊन मीटरखाली बसले.
हीटर चालू: एका श्वासात पाच वेळा लाल ठिपका.
हीटर बंद: ठिपका थांबतो, विचार करतो,
मग एकदा.
"गळते," म्हणाले, "पण वायरीतून नाही गळत."
आणि बोट वर केलं, कवेलूंकडे.

खरंच की. महिनाभर आम्ही
चांदण्या शेकत होतो.

मी म्हटलं, गोरसी पेटवते,
माझी तिन्ही लेकरं गोरसीवरच वाढली.
आशाताई कुंदानं डोळे वटारले,
"धुराच्या खोलीत लेकरू? काहीतरीच काय, काकू!"
मग गोरसी अंगणातच राहिली,
आम्हा दोघांच्या तळव्यांपुरती.

दुसऱ्या दिवशी खोलीला छत आलं.
बांबूच्या कमच्या, कमच्यांवर फ्लेक्स,
फ्लेक्सवर हातभर तणीस.
फ्लेक्स झनकलालचा, वाढदिवसाचा,
खाली ठसठशीत अक्षरांत: भावी सरपंच.
उलटा लावा म्हटलं, तर म्हणे,
"मागची बाजू खरबरीत आहे, तणीस घसरत नाही."
नातवाची नजर ठरायला लागली तेव्हा
आई, आजी, हात जोडलेला झनकलाल,
ह्या क्रमानं त्यानं जग ओळखलं.

खिडकीच्या फटींत लुगड्याच्या चिंध्या.
दाराखाली जुन्या विजारीचा एक पाय, रेतीनं भरलेला,
येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला ठेचकाळला.
हीटर दिवस बुडताना तासभर, बस.
बाळाची अंघोळ भर दुपारी,
ऊन अंगणाच्या मधोमध आल्यावर.
पाण्याचा रॉड खुंटीला टांगला,
बंबाखाली तुराट्या.

रात्री दोनला मी उठायची, बाळाचे पाय चाचपायला.
हे उठायचे, मीटर बघायला.
अंधारात दाराशी धडकायचो.
"पाय कसे आहेत?"
"गरम. ठिपका?"
"झोपला आहे."

दुसरं बिल चौदाशे दहा.
फोटो काढून जावयाला पाठवला,
त्यानं उलट एक अंगठा पाठवला.

मग संक्रांत झाली. डब्यातला तीळ संपला.
पोट्टी गेली.
जीपमध्ये सगळं मावलं, पाळणा आणि हीटर सोडून.
की तिनंच ठेवला असेल मागे, मी विचारलं नाही.

तिसरं बिल चारशे साठ.
ह्यांनी ते मांडीवर घेतलं,
पेन्सिल शोधली, काही लिहिलं नाही.
हे काही आम्ही कमी केलं नव्हतं.

छत तसंच आहे.
उन्हाळ्यात काढू म्हणाले,
उन्हाळा आला तर म्हणे, ऊनही अडवते की.
झनकलाल निवडणुकीत पडला, चव्वेचाळीस मतांनी,
आमच्याकडे तो अजून भावीच आहे,
रिकाम्या पाळण्याकडे बघून हसतो.
काल हे खुर्चीवर चढले,
आणि त्याच्या गालावरचं जाळं
फडक्यानं हळूच पुसून काढलं.